गाळ्यात पाणी शिरण्याआधी, आणि ओसरल्यानंतर

आमच्या कुर्ल्याच्या गाळ्यात मागच्या भिंतीवर एक तपकिरी रेघ आहे, जमिनीपासून पावणेपाच फुटांवर. २६ जुलै २००५ ला मिठी नदीचं पाणी तिथवर चढलं होतं. त्यानंतर तीनदा रंगकाम झालं, पण वडिलांनी दर वेळी रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला लावली.

आमचा धंदा बाइंडिंगचा. कागद एकदा भिजला की फुगतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि रद्दीवालाही त्याला नीट भाव देत नाही. त्या आठवड्यात आम्ही फक्त मालाचा हिशेब मांडला: किती रीम गेले, किती पुठ्ठा गेला, कटिंग मशीनच्या मोटरचं काय झालं. अकराव्या दिवशी आमच्याकडे सतरा वर्षं काम करणारे मामा तापाने पडले. पोटऱ्या एवढ्या दुखायच्या की जिना उतरवत नव्हता. डोळे लाल झाले होते. चार दिवस साध्या तापाच्या गोळ्या चालल्या. मग डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली आणि डायलिसिसची वेळ आली. निदान झालं लेप्टोस्पायरोसिसचं. मामा वाचले, पण कामावर परत आले नाहीत. पाणी ओसरल्यावर दोन दिवस ते अनवाणी गाळ उपसत होते, आणि त्यांना तसं गाळात उतरवणारे आम्हीच होतो.

म्हणून हे लिहितोय. पुराची तयारी म्हटलं की दुकानदार, कारखानदार माल पोटमाळ्यावर चढवतात आणि निर्धास्त होतात. पण पाणी ओसरल्यावर साफसफाईचे जे दोन-तीन दिवस असतात, त्यात माणसं आजारी पडतात, शॉक लागून जातात, टाकीत गुदमरतात. आणि नेमकी त्याच दिवसांची तयारी कुणी केलेली नसते.

आधी पाण्याचं गणित

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि तो आकडा ऐकून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. त्याचा अर्थ सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपल्या गाळ्यांचं एक एकराचं कंपाउंड धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका कंपाउंडमध्ये दोन लाख लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. फूटभर लांब-रुंद लादीवर ८८ लिटर! त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास नोंद झाली होती. फोर्टातल्या माणसाला कुर्ल्यात काय चाललंय याची कल्पनाच नव्हती. तेव्हा ‘मुंबईत पाऊस किती झाला’ यापेक्षा ‘माझ्या भागात किती झाला’ हे विचारायला हवं.

मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत न्यायची शिफारस १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या अहवालात होती. २००५ नंतर त्या कामाला वेग आला आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. दादरच्या सखल हिंदमाता भागातलं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या झाल्या. फरक पडला आहे, हे मान्य करायला हवं. तरी भरावावर उभ्या असलेल्या या शहराचा मोठा भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहे. भरती मोठी असली की समुद्राचं पाणी उलट आत येऊ नये म्हणून दरवाजे बंद करावे लागतात. पावसाच्या पाण्याला मग पंपाशिवाय वाट उरत नाही.

म्हणून आपल्याला दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: पाऊस आणि भरती. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पाऊस चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर गेला तर खात्याच्या भाषेत तो ‘अति जोरदार’, आणि २०४ च्या वर गेला तर ‘अत्यंत जोरदार’. भरतीचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी छापून हजेरीच्या वहीशेजारी चिकटवा. कोळीवाड्यातली जुनी रीतही कामाची आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि तेव्हा भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते. दुपारच्या उधाणाला लाल इशारा जुळला, तर माणसांना घरी पाठवायचा निर्णय सकाळी दहाला घ्यायचा असतो. दोनला घेतला तर ती माणसं सायन-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर अडकतात.

मे महिन्यातलं काम

गाळा कोरडा असताना एकदा सगळं बारकाईने पाहा. पाणी नेहमी शटरखालूनच येतं असं नाही. आमच्याकडे ते आधी संडासातून आणि मोरीच्या जाळीतून वर आलं होतं. बाहेरचं गटार तुंबलं की पाणी पाइपातून उलटं फिरतं. शटरपुढे वाळूची पोती रचून आम्ही समाधानाने वळलो, तर पाठीमागे घोट्याएवढं पाणी! सांडपाण्याच्या पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घेणं हा त्यावरचा खरा उपाय. तो जमत नसेल तर मोरीच्या तोंडात बसेल असा रबरी बूच आणि त्यावर ठेवायला वजन, एवढं तरी हाताशी असू द्या.

नुसत्या पोत्यांतून पाणी झिरपतं. आधी जाड प्लास्टिक अंथरून ते उभं करायचं आणि त्यावर पोती विटांसारखी सांधे चुकवून रचायची. शटरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवून त्यात रबर लावलेल्या फळ्या सरकवायची सोय केली तर आणखी बरं. फक्त एक ध्यानात ठेवा: बाहेर दोन-अडीच फुटांच्या वर पाणी गेलं तर ते अडवून धरायचा हट्ट करू नका. बाहेरच्या पाण्याचा दाब जुन्या विटांच्या भिंतीला पेलत नाही. भिंत कोसळण्यापेक्षा पाणी आत आलेलं परवडतं.

मालाबद्दल थोडक्यात. सगळा माल वर चढवायला कधीच वेळ मिळत नाही, म्हणून आधी काय उचलायचं याचा क्रम ठरवा आणि रॅकवर रंगीत पट्टी लावा. गिऱ्हाइकाचा माल, हिशेबाचा संगणक, डाय-साचे, मशीनच्या मोटारी. हिशेबाची एक प्रत गाळ्याच्या बाहेर, ऑनलाइन किंवा घरच्या हार्ड डिस्कवर. लायसन्स, भाडेकरार, विम्याची कागदपत्रं यांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये.

रसायनांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे मालाचं नुकसान माणसांवर येतं. वेल्डिंगवाल्याकडे कार्बाइडचा डबा असतो. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि एका ठिणगीत भडका उडतो. प्लेटिंगच्या कारखान्यात सायनाइडचे क्षार आणि ॲसिड शेजारी-शेजारी असतात. पुराच्या पाण्यात ती दोन्ही एकत्र आली तर जीवघेणा वायू तयार होतो. थिनर पाण्यावर तरंगत दहा गाळे पलीकडे जातं आणि त्याच्या वाफाही बरोबर जातात. सिलिंडर रिकामा असला तर तरंगू शकतो, म्हणून साखळीने बांधा. हे सगळं उंच, झाकणबंद आणि एकमेकांपासून लांब ठेवा. शेजारच्या गाळ्यात काय साठवलेलं आहे तेही विचारून घ्या. यात संकोच करू नका. पुराच्या दिवशी दोन गाळ्यांमधल्या भिंतीला काही अर्थ उरत नाही.

वीज

पाणी भरल्यावर वीज हा सर्वांत झटपट जीव घेणारा धोका आहे, आणि त्याबद्दलचा एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असं लोक ठामपणे सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. जास्त करंट गेला की तो पडतो. माणसाला शॉक बसताना शरीरातून जाणारा करंट त्याच्या मानाने अगदी थोडा असतो, आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. माणूस वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे पूर्वी ज्याला ईएलसीबी म्हणत ते यंत्र. गेलेला आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते क्षणात वीज तोडतं. त्यावर ‘टेस्ट’ असं बटण असतं. दर महिन्याला ते दाबून बघा. दाबून पडलं नाही तर ते नुसतं डब्यात बसवलेलं आहे असं समजा.

प्लग पॉइंट आणि बोर्ड भिंतीवरच्या जुन्या पाण्याच्या रेघेच्या वर घ्या. मेन स्विच कोण बंद करणार, त्याचं नाव लिहून ठेवा, आणि तो नसेल तर कोण, त्याचंही. पाणी उंबरठ्याशी आलं की, आत शिरण्याआधीच, मेन बंद. पाण्यात उभं राहून मेन बंद करायला जाणं हा मृत्यूला हात लावणं आहे. तशी वेळ आली तर बाहेर पडा आणि वीज कंपनीला फोन करा. जुन्या इमारतींत मीटरची केबिन तळमजल्यावर असते. तिथे पाणी शिरलं तर कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

पाणी गेल्यावर ‘बघू चालतंय का’ म्हणून मोटर चालू करू नका. वायंडिंग वाळवून, इलेक्ट्रिशियनने मेगर लावून इन्सुलेशन तपासल्यावरच वीज द्या. चार दिवसांची घाई केली तर मोटर जळते, आणि यंत्राचं अंग भारित झालं तर यंत्रावरचा माणूस जातो.

जनरेटर किंवा इंजिनवर चालणारा पंप असेल तर तो गाळ्याच्या आत कधीही चालवू नका, शटर अर्धं उघडं असलं तरी. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणसाला फक्त डोकं जड झाल्यासारखं वाटतं आणि तो बसल्या जागी कोसळतो.

पाणी ओसरल्यावर

पुराचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी नव्हे. त्यात गटार असतं, उंदरांच्या बिळांतलं सगळं असतं, गोठ्यांतलं असतं. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू पाण्यात येतात. ते पिण्यातूनच जातात असं नाही. पायाच्या भेगेतून, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांतून, हाताच्या खरचटीतून, डोळ्यांतून ते शरीरात शिरतात. आणि आजार लगेच दिसत नाही. साधारण पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिनाभरानेही ताप येतो. तोवर सगळे पूर विसरून कामाला लागलेले असतात. मामांचं नेमकं हेच झालं.

यावर औषध आहे आणि ते महाग नाही. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाने ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. धोका किती आहे ते पाहून डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी देतात. ज्याच्या पायाला जखम होती, जो दोन दिवस गाळात काम करत होता, त्याची मात्रा वेगळी. गरोदर बाईला आणि लहान मुलाला ही गोळी चालत नाही, त्यांना दुसरं औषध लागतं. म्हणून मेडिकलमधून एक पट्टी आणून सगळ्यांना वाटू नका. जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ‘आपला दवाखाना’मध्ये सगळ्यांना घेऊन जा आणि त्यांचा त्या दिवसाचा रोज द्या. रोज बुडत असेल तर माणूस दवाखान्यात जात नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचा महिनाभर हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवा: ताप आला का? ताप आला तर त्याला डॉक्टरला एक वाक्य सांगायला शिकवा: ‘मी अमुक तारखेला पुराच्या पाण्यात काम केलं.’ या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड सगळेच तापाने सुरू होतात. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावी. अंगदुखीच्या जोरदार गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो, लेप्टोत मूत्रपिंडावर ताण येतो.

सफाईसाठी गमबूट आणि जाड रबरी हातमोजे मेमध्येच प्रत्येकाच्या मापाचे घेऊन ठेवा. पूर आल्यावर बाजारात मिळत नाहीत, आणि मोठ्या मापाच्या बुटात पाणी शिरून उलट पाय कुजतो. जखम असलेल्याला गाळात उतरवायचं नाही, मग तो कितीही तयार असो. धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाचं कधी झालं, त्याची नोंद ठेवा. स्वच्छ पाणी आणि साबण कामाच्या जागेजवळच हवा. हात धुतल्याशिवाय चहा-बिडी नाही. चहा बाहेर, कोरड्या जागी.

सुकलेला गाळ कोरड्या झाडूने झाडू नका. पाणी मारून, ओलाच काढा. त्यानंतर ब्लीचच्या पाण्याने लादी पुसा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो फुफ्फुसं जाळतो. भिजलेला कागद, पुठ्ठा, कापूस, प्लाय यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. दमेकऱ्याला त्या गाळ्यात बसणं अशक्य होतं. वाळवून वाचेल ते लगेच उन्हात किंवा पंख्याखाली, बाकीचं बाहेर. हे करणाऱ्याला एन-९५ मास्क द्या, रुमाल पुरत नाही.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती उपसून, धुऊन, निर्जंतुक करेपर्यंत ते पाणी पिऊ नका. आणि त्या टाकीत, गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये आपल्या माणसाला उतरवू नका. बंद जागेत ऑक्सिजन संपलेला असतो, हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. दोरी, हवा तपासायचं यंत्र, हवा पुरवणारं साधन असलेले प्रशिक्षित लोकच बोलवा. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते. छपरावरच्या ताडपत्रीतले खळगे, रिकामे डबे, टायर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, उपडे करा. आम्ही शनिवार धरला आहे.

माणसं अडकली तर

२००५ ला हजारो लोक कामाच्या जागीच रात्रभर राहिले, आणि जे चालत निघाले त्यांतले काही पोहोचले नाहीत. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. गढूळ पाण्याखाली रस्ता दिसत नाही. गुडघ्याएवढं पाणी जोराने वाहत असेल तर तरुण माणसाचेही पाय सुटतात. तेव्हा निघायची वेळ चुकली असेल, तर माणसांना थांबवणं हे शहाणपण समजा आणि त्याची सोय ठेवा: वरच्या मजल्यावर कुणाची जागा मिळेल ते आधी विचारून ठेवलेलं, पिण्याचं पाणी, चिवडा-बिस्किटं, चार्ज केलेल्या पॉवर बँका, टॉर्च, बीपी-साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा डोस. बायका कामाला असतील तर चालू, कडी लागणारं संडास आणि सॅनिटरी पॅड. प्रत्येकाच्या घरच्या माणसाचा नंबर कागदावर, कारण फोन बंद पडतात. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६ हा नंबर शटरच्या आतल्या बाजूला मोठ्या आकड्यांत रंगवा. आणि त्या दिवसाचा रोज कापायचा नाही हे आधीच सांगून टाका. ते माहीत नसेल तर लोक लाल इशाऱ्यातही येतात.

विमा

‘आमचा विमा आहे, बँकेने काढलाय.’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. कर्जासाठी बँकेने काढलेल्या पॉलिसीत किती रकमेचा विमा आहे, कुठल्या पत्त्याचा आहे, पूर धरला आहे का, हे अनेक मालकांनी कधी वाचलेलंच नसतं. गाळा बदलला आणि पॉलिसीवर जुनाच पत्ता राहिला, असंही होतं.

एका जागी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यांसाठी २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक साच्याची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. त्यात आगीबरोबर वादळ आणि पूरही येतो. धंदा बंद राहिल्यामुळे बुडालेला नफा मात्र येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

सगळ्यांत जास्त लोक फसतात ते कमी रकमेच्या विम्यात. समजा माल वीस लाखांचा आहे आणि हप्ता वाचवायला विमा दहा लाखांचा काढला. पुरात चार लाखांचा माल गेला. माणूस म्हणतो, दहा लाखांच्या आत आहे, चार मिळतील. मिळतात दोनच, कारण कंपनीच्या दृष्टीने तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढला होता. या सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापलीकडे हाच नियम. गणपती-दिवाळीच्या ऑर्डरींसाठी पावसाळ्यातच माल भरून ठेवणाऱ्यांनी विम्याची रक्कम मे महिन्यात वाढवून घ्यावी.

पाणी शिरलं की त्याच दिवशी कंपनीला कळवा. सफाईआधी पाण्याची रेघ, भिजलेला माल, यंत्रांच्या नंबरपट्ट्या यांचे फोटो आणि व्हिडिओ काढा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत माल फेकू नका. सडायला लागलाच तर कंपनीला लेखी कळवून, मोजून, नमुना ठेवून मगच टाका.

यंदा मेच्या पहिल्या शनिवारी आम्ही गाळ्यात सराव केला. नव्या पोराच्या हातात मेनची जबाबदारी दिली, बाकीच्यांनी पट्टी लावलेला माल वर चढवला. बावीस मिनिटं लागली. मोरीचा बूच बसवायचा राहिला होता, म्हणून पुन्हा एकदा केलं. नंतर मामांच्या घरी फोन लावला. पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला: ‘पोरांना बूट घेतलेस ना?’